काकाला वाचायची परवानगी

३ नोव्हें.
शेवटी बाबांनी खुणा सांगितल्या. मी महिनाभर पाठी लागले होते. गुडघ्यांमुळे त्यांचं होडीवर जाणं सुटलं, सगळं डोक्यातच राहिलंय. समुद्रातून किनाऱ्याकडे बघायचं: कळस आणि तिरका माड एका रेषेत आले की खाली खडप, पाण्यातला खडक, तिथे मासा. अशा सतरा. टाइप केल्या.
कॉम्प्युटर पडवीत, दोन्ही घरांचा एकच. भिंतीपलीकडचा काका रोज होडी काढण्याआधी त्याच्या नावाने उघडून वारा बघतो. बाबा म्हणाले, "तुझ्या काकाक दिसाक नको."
chmod 600 khuna.txt. आता फाईल फक्त मला उघडते. खात्री तीनदा करून घेतली.

६ नोव्हें.
दोन वर्षांपूर्वी काकाने एक खूण मित्राला सांगितली. दुसऱ्या दिवशी तिथे आठ होड्या. तेव्हापासून दोघा भावांत अबोला. पण भिंतीपलीकडून येणाऱ्या वासावरून दोघांना एकमेकांचं सगळं कळतं. आज जेवताना बाबा: "बांगडो करपवल्यान." नाव न घेता. काळजी लपत नाही, दोघंही माझी लाडकी गाढवं.

११ नोव्हें.
बाबांना किनाऱ्यावर नेलं. तिरका माड गेल्या वादळात पडलाय. बाबा वाळूतच बसले. पाच खुणा त्या एका माडावर. आता कळसासोबत काय धरायचं, ते रोज समुद्रात जाणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे काकाला, ते आम्हा दोघांनाही कळलं. बाबांना हात धरून उठवलं. फार जड गेलं.

१४ नोव्हें.
चहाच्या कपाकडे बघत बाबा: "तेका वाचूक दी. लिवूक नको."
chmod 640. काका जाळं शिवत होता, जाऊन सांगितलं. मान वर न करता म्हणाला, "नुसतो वाचूक? म्हणजे अजून चोरच मी."
बाबांना जसंच्या तसं सांगितलं. ताटात मासा तसाच.

१७ नोव्हें.
मी क्लासला निघताना दारात, बाबा पाठमोरे: "लिवूक पण दी."
chmod 660. दोनदा चुकीचं टाइप झालं, वेडी मी. काकाला सांगितलं. "हूं." एवढंच.

२० नोव्हें.
रोज ls -l. फाईल शेवटची बदलल्याची वेळ तीच. माणसाला परवानगी दिली म्हणून तो येतोच असं थोडंच.

२१ नोव्हें.
वेळ बदललीय! आज पहाटेची, होडी सुटायच्या आधीची. माडाच्या पाचपैकी दोन खुणांखाली लिहिलंय: माड नाय, पाण्याची टाकी धर. आणि शेवटी: "दादा, रवलेल्यो तीन तू येऊन बघ. होडयेत चढवूक मी आसय."
बाबांना वाचून दाखवलं. परत वाच म्हणाले. परत वाचलं.
आता गुडघ्यांना तेल लावत बसलेत.