पाचबोटीची मुळे कोणी खणली

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
तपास विभाग, फुंगशेक तालुका पोलीस ठाणे,
क्वांगतुंग प्रांत.

विषय : औषधविक्रेते तौ पाक-हिन यांना आरोपातून मुक्त करण्याबाबत, तसेच माझ्या आईला तोंडी सांगावयाच्या निवेदनात माझे नाव घालण्याबाबत.

संदर्भ : माझे वडील माक स्युई-तोंग यांचा विषबाधेने झालेला मृत्यू व त्यासंबंधी आपण घेतलेला आईचा जबाब.

महोदय,

मी माक वाई-लान, तालुका ग्रंथालयात नोकरीस आहे. माझे वडील ९ एप्रिल रोजी दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर मरण पावले. त्यांच्या सूपमध्ये आतडेतोड वेलीचे विष होते, असे आपल्या प्रयोगशाळेने कळवले आहे. ते बरोबर आहे. ते विष तौ यांच्या दुकानातून आले, असे आपल्या तपासात म्हटले आहे. ते चूक आहे. तौ यांना येत्या शुक्रवारी जामिनावर घरी सोडणार आहेत, असे कळते. त्याआधी ही चूक सुधारली नाही, तर आपल्याला दुसऱ्या मृत्यूचा तपास करावा लागेल.

१. वडिलांना नाकामागच्या घशाचा कॅन्सर होता. ज्या विषाणूने तो होतो, तो बहुतेक सगळ्यांच्याच थुंकीत असतो. आपल्या नदीकाठी तो अधिक वेळा गाठ धरतो, आणि अंगावरचे दूध तोडताना आपण मुलांना पेजेत खारवलेला मासा कुस्करून देतो, त्याचाही त्यात वाटा आहे, असे डॉक्टर सांगतात. माझे काका याच आजाराने गेले. रात्री नाकातून फुटलेले रक्त उशीतून गादीत आणि गादीतून फळीवर उतरले होते. वडिलांची गाठ वेळेवर सापडली. विकिरणाने त्यांच्या मानेची कातडी सोलवटली, तोंडातली लाळ आटली, दाढा हलू लागल्या. "मला भाजलेला हंस करून ठेवलाय. आता दुकानाच्या काचेत टांगा, म्हणजे झालं," असे ते म्हणत. परंतु मार्चच्या तपासणीत गाठ गेलेली होती. ते बरे होत होते, याची नोंद घ्यावी.

२. गाठ परत येऊ नये म्हणून आई झाडपाला शोधू लागली. हिरव्या चहातली, हळदीतली आणि आपल्या डोंगरातल्या कित्येक मुळांतली द्रव्ये हा विषाणू बसलेल्या पेशी मारतात, असे शोधनिबंध आहेत. मी ते वाचले आहेत. आतडेतोड वेलीवरही असे निबंध आहेत. ते सारे प्रयोग काचेच्या बशीत झाले. काचेच्या बशीला श्वास घ्यावा लागत नाही. आईकडे मात्र मोबाइलवर फिरणारा एक मजकूर आला होता. सूपमध्ये नेहमी घालतो ते पाचबोटीच्या झुडपाचे मूळ दुप्पट घातले की विषाणू मुळासकट मरतो, असे त्यात होते.

ती प्रथम तौ यांच्याकडेच गेली. मी सोबत होते. तौ म्हणाले, "वहिनी, पडसं झालं तर माझ्याकडे या. गाठ झाली तर मशीनखाली जा. तुम्ही गेलात, गाठ गेली. आता मला कशाला त्यात ओढता?"

आई म्हणाली, "मग ह्या एवढ्या बरण्या कशाला मांडल्यायत? शोभेला?"

"माशा मोजायला," ते म्हणाले, आणि सापजिभी गवताचा साधा चहा बांधून दिला. मुळे दिली नाहीत. पुडीत मूळ नव्हतेच.

३. छिंगमिंगला, पितरांची थडगी झाडायच्या सणाला, आम्ही आजोबांच्या थडग्यावर गेलो. मी दगडावरचे गवत कापत होते. आईने टेकडीच्या उतारावर पाचबोटीची झुडपे पाहिली आणि खणायला बसली. ती लहानपणापासून ती मुळे खणत आली आहे. आतडेतोड वेल त्याच झुडपांत शिरते आणि मातीखाली दोघांची मुळे एकमेकांत गुंततात. वेलीची पिवळी फुले थंडीत येतात. एप्रिलमध्ये ओळखण्याजोगे काहीच नसते. दुप्पट हवी म्हणून ती खोल खणत गेली आणि हाताला लागले ते सारे टोपलीत टाकले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

४. ९ तारखेला तिने डुकराच्या हाडांबरोबर ती मुळे शिजवली. तौ यांचा चहाही त्याच भांड्यात ओतला. वडिलांना घास गिळवत नसे, म्हणून सगळे सूप त्यांचेच. आईने चवही घेतली नाही. "ह्यांच्या तोंडचं कशाला काढू?" ती म्हणाली. वाडगा संपवून ते म्हणाले, "आज दोन-दोन बायका दिसतायत, आणि दोघीही रागावलेल्या." आम्ही हसलो. मग पापण्या मिटल्या त्या उघडेनात. जीभ जड झाली. हातपाय टेबलावर आपटू लागले, वाडगे फुटले. शेवटी छाती हलायची थांबली तेव्हा डोक्यातले भान शाबूत होते, कारण त्यांनी माझे बोट दाबून धरले होते आणि ते दाबणे सर्वांत शेवटी सैल झाले.

५. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ चुंग-कित तौ यांच्या दुकानात गेला. औषधे दळायच्या होडीसारख्या लोखंडी खलातले चाक उचलून त्याने त्यांच्या तोंडावर मारले. जबडा दोन ठिकाणी मोडला. तो पडलेल्या माणसाला मारत राहिला आणि विचारत राहिला, "काय घातलंस? बोल, काय घातलंस?" बोलण्यासाठी त्याने त्यांना तोंड ठेवले नव्हते. संध्याकाळी तौ यांचे दोन मुलगे सुरे घेऊन आमच्या घरी आले. त्यांनी दार फोडले, वडिलांच्या तसबिरीपुढची धूपदाणी लाथाडली आणि भावाचा डावा कान अर्धा उतरवला. भाऊ आपल्या कोठडीत आहे. तौ तारांनी बांधलेल्या जबड्याने इस्पितळात पहाऱ्यात आहेत. "मी मूळ दिलं नाही" असे त्यांनी पाटीवर लिहून दाखवले तेव्हा आपल्या शिपायाने पाटी पुसून टाकली, असे मी ऐकले.

६. आईने आपल्याला खोटा जबाब दिलेला नाही. आपल्या अधिकाऱ्याने विचारले, "औषध कुठून आणलं?" तिने सांगितले, तौ यांच्याकडून. पाचबोटी हे तिच्या लेखी औषध नाही. तो आल्यासारखा, खारकेसारखा स्वयंपाकघरातला जिन्नस आहे. सूपमध्ये काय घातले, असे तिला कोणी विचारलेच नाही. पाचबोटीच्या मुळाला नारळासारखा वास येतो. आमच्या गच्चीवर वाळत पडलेल्या मुळांपैकी एक तृतीयांश मुळांना वास नाही. ती मी कागदात बांधून सोबत जोडली आहेत. आपल्या प्रयोगशाळेने तपासावीत. माझ्या शब्दावर विसंबू नये.

७. आता शुक्रवारविषयी. आई रोज वाडग्याच्या बुडावर डाव्या हाताने मोठा सुरा घासते. शेजारीण म्हणाली, "अगं, किती धार लावशील? काय कापायचंय?" आई म्हणाली, "तौ. बारीक. हाडांसकट." शेजारणीला ती चेष्टा वाटली. मी तिला बदके कापताना पाहत मोठी झाले आहे. तिला दुसऱ्या घावाची गरज पडत नाही. मी सुरा लपवला, तिने दुसरा काढला. मी तिला म्हटले, तौकाकांनी मूळ दिलेच नव्हते. ती म्हणाली, "मग कुणी दिलं? देवानं? त्याचाही पत्ता काढ."

खरे उत्तर मी तिला का देत नाही, असे आपण विचाराल. वडील गेले त्या पहिल्या तासात तिला वाटले, सूप फार गरम होते, त्यानेच त्यांचा श्वास अडकला. एवढ्या संशयावर तिने आपला उजवा हात चुलीवरच्या उकळत्या भांड्यात मनगटापर्यंत घातला आणि मी ओढून काढीपर्यंत तसाच ठेवला. आपल्या अधिकाऱ्याने पाहिलेली पट्टी त्याचीच. तिला कायदा काही करणार नाही, हे मी वाचले आहे. कायद्याची मला भीती नाही.

म्हणून मी पुढीलप्रमाणे विनंती करते. आपल्या दप्तरी जे घडले तेच लिहावे : मुळे माझ्या आईने, नकळत खणली. तौ पाक-हिन यांचे नाव आजच्या आज काढावे व तसे त्यांच्या मुलांनाही कळवावे. परंतु शुक्रवारपूर्वी आईला ठाण्यात बोलावून जे तोंडी सांगाल, त्यात मुळे माझ्या टोपलीतली होती, ती मी खणली आणि तिच्या टोपलीत मिसळली, असे सांगावे. ती मानेल. मी पुस्तके वाचणारी आहे, मला मुळे ओळखता येत नाहीत, असे ती सगळ्या गल्लीला नेहमीच सांगत आली आहे.

हे असत्य आहे आणि आपल्याला असत्य बोलण्यास सांगण्याचा मला अधिकार नाही. आपण नकार दिलात तर मी स्वतःच सांगेन. पण माझ्या तोंडून ऐकले तर मी तौ यांना वाचवते आहे, असे ती समजेल. गणवेशातल्या माणसाचे तिला पटते.

त्या वेळी मी खोलीत हजर असेन. आत येण्यापूर्वी आईची झडती घ्यावी, तिच्याजवळ सुरा राहू देऊ नये. एवढे झाल्यावर, ती माझ्या अंगावर येईल तेव्हा आपल्या शिपायांनी तिचे हात धरू नयेत, ही विनंती.

सोबत : गच्चीवरची मुळे, दोन पुड्या (वासाची व बिनवासाची वेगळी), मार्चच्या तपासणीचा अहवाल.

आपल्या उत्तरासाठी ठाण्याच्या बाकावर थांबलेली,

माक वाई-लान
फुंगशेक, २३ एप्रिल