नावातला लाल रंग

ती. बाबांना,
मिनाएचा नमस्कार. मी मजेत आहे. इथे सेन्दाईत थंडी पडलीय, पण हातमोजे घालते, काळजी नको. आईचे गुडघे कसे आहेत?

तुमच्या शेडमधली दगडाची पूड पोचली. लॅबमध्ये ती मी फुप्फुसातल्या पांढऱ्या पेशींना घातली. एकीने कणाला कवेत घेतलं, पिशवीत बंद केलं आणि जिथे जंतू विरघळवतात तिथवर आत ओढून नेलं. जंतू असता तर संपला असता. दगड कसला विरघळतोय? पिशवी फाटली, पेशी मेली, आणि तोच कण दुसरीने उचलला. मला बघवेना, तरी जागेवरून हलता येईना.

तुम्ही म्हणता, "थडगी कोरणाऱ्याला दगडसुद्धा पचतो." नाही पचत हो, बाबा.

परवा फोनवर म्हणालात, "चहाचा ठसका लागला गं." बरं. पण आई म्हणाली, आडवं झालं की धाप लागते म्हणून हल्ली तुम्हाला उशाला तीन उशा लागतात. तिच्यावर चिडू नका, मीच खोदून विचारलं.

कोरलेल्या अक्षरातली पूड तोंडाने फुंकू नका. फुंकण्याआधी छातीभर श्वास घेता, तो त्याच पुडीतला असतो. सोबत ब्रश पाठवतेय. हसू नका, वापरा.

शनिवारी येतेय. छातीचा फोटो काढायला दोघं जाऊ. आपल्या घरच्या थडग्यावर तुम्ही हौसेने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय आणि माणूस जिवंत आहे म्हणून रिवाजाप्रमाणे त्यात लाल रंग भरलाय. माणूस गेल्यावर तो खरवडायचं काम माझ्याकडेच येणार. मला एवढ्यात ते करायचं नाही.

तुमची,
मिनाए