बारावा पलंग

रविवार, ४ ऑगस्ट
पुलाखाली तीस जणांचा भात-घेवडा नेला. एकतीस निघाले. माझा उपास.

नोर्विन तिथेच, पुठ्ठ्यावर. पाय आणखी काळा पडलाय. ताट घेत म्हणाला, "आले पाळकसाहेब. भातात मीठ कमी, प्रवचनात जास्त." मी तोंडही उघडलं नव्हतं.

केळीचे घड कापायला यानेच शिकवलं. चिलमीत दगड, म्हणजे कोकेनचा खडा, ओढायलाही यानेच. मला तो सोडून चौदा महिने झाले. याचा चालूच आहे.

आमचं व्यसनमुक्तीचं घर चालवणारे पाळक अर्नुल्फो म्हणतात, मिळालं ते वाटत राहा, ठेवलंस तर नासेल. म्हणून रविवारी पूल, रोज संध्याकाळी घराचं फाटक राखायचं. दिवसा मळा.

मंगळवार, ६ ऑगस्ट
घड वाहिले. मुकादम म्हणाला, "ए निका, देवाने पाठ नवी दिली वाटतं." निकाराग्वाहून आलेले आम्ही सगळे त्याला निका. नाव विचारत नाही. बरंच आहे.

गुरुवार, ८ ऑगस्ट
सुट्टी घेतली. नोर्विनला हातगाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. नर्स म्हणाली, रोज पट्टी, कोरडी जागा, ओढणं बंद. नाहीतर महिन्याभरात पाय कापावा लागेल.

बाहेर येऊन तो परत हातगाडीवर बसला. मग —
"तुमच्या घरात गाणी किती वेळ म्हणतात?"
"सकाळी एक तास."
"सोसेन."

चार महिने विचारत होतो. आज हो म्हणाला.

संध्याकाळी पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, "यादेर, बारा पलंग, बारा माणसं. जमिनीवर कुणाला झोपवलं तर सरकारी माणूस येऊन कुलूप लावेल." मग जागा कधी? "कुणी बरा होऊन गेला तर. नाहीतर पळाला तर."

रविवार, ११ ऑगस्ट
नोर्विनने दाढी केली होती. चार ठिकाणी कापलेलं.
"कधी नेतोस?"
"याच आठवड्यात." खोटं बोललो.

सोमवार, १२ ऑगस्ट
प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. कोण पळेल ते बघत होतो. कोपऱ्यातला वाल्तेर — त्याचा नववा दिवस. गुडघा सारखा हलतो. हा जाईल.

मी देवाकडे तेच मागतोय हे लक्षात आलं. तरी मागितलं.

बुधवार, १४ ऑगस्ट
फाटकाला कुलूप नाही. कुणाला धरून ठेवायचं नाही. नियम एकच — जाणाऱ्याने आधी फाटकवाल्याजवळ बसून गुळाचं गरम पाणी प्यायचं. पेला मोठा. तो संपेपर्यंत बहुतेकांचं मन फिरतं. माझं तीनदा फिरलं होतं.

आज वाल्तेर पिशवी घेऊन आला. मी पेला भरला नाही. कडी काढून बाजूला झालो. तो जाईना. उभाच.
"पाणी देत नाहीस?"
"गूळ संपला."

स्वयंपाकघरातून आमची स्वयंपाकीण दोन्या सेलमिरा (दोन्या म्हणजे बाई) ओरडली, "कुणाचा संपला? माझ्या फडताळात अडीच ढेपा आहेत." पेला घेऊन बाहेर आली. त्याला पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसली. कोंबड्यांबद्दल बोलत राहिली. अर्ध्या तासाने वाल्तेर आत जाऊन झोपला.

पेला धुताना मला म्हणाली, "जागा पाहिजे होती ना?"
"हो."
"मग त्या पोराला काय हाकलतोस? पलंग बारा. आजारी अकरा. वाढते मी रोज, मला कळत नाही का?"
"मी सेवेसाठी राहतो."
"सेवेला पलंग लागत नाही, बाबा."

गुरुवार, १५ ऑगस्ट
तू बरा झालास असं पाळकांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. मी म्हटलं, अजून थोडी सेवा करतो. त्यांना बरं वाटलं. मलाही.

मळ्याजवळ खोल्या मिळतात. खाली गुत्ता. वळणावर दगड विकणारे. नावानिशी ओळखतात मला.

शनिवार, १७ ऑगस्ट
खोली घेतली. सामान एका पिशवीत मावलं.

नोर्विनला आणलं. आंघोळ, पट्टी. पलंगावर आडवा होऊन म्हणाला, "उशीत तुझ्या डोक्याचा खड्डा आहे, लेका." दोन मिनिटांत घोरायला लागला.

मी निघालो तर फाटकावर दोन्या सेलमिरा पेला घेऊन उभी. म्हटलं, मी पळत नाहीये. "नियम आहे," म्हणाली. बसून सगळा प्यालो. मन फिरत होतं. उठलो.

मंगळवार, २० ऑगस्ट
फळ्यांतून गुत्त्याचं गाणं वर येतं. दार आतून लावून घेतलं. मग कपडे धुतले. धुतलेलेच परत धुतले.

शुक्रवार, २३ ऑगस्ट
काही नाही. काम.

रविवार, २५ ऑगस्ट
नोर्विन काल पळाला. पट्ट्यांचा डबा घेऊन गेला. पाळकांचा निरोप — पलंग मोकळा आहे, तुला यायचं तर ये.

भात घेऊन पुलाखाली गेलो. तो नव्हता. त्याच्या पुठ्ठ्यावर दुसराच एक. ताट दिलं. विचारलं, "यायचंय का? आज जागा आहे."