मी उठून बाहेर गेलो

वेस्टमिन्स्टर, ऑक्टोबर १६६७

प्रिय थॉमसिन,
देव तुम्हा सगळ्यांना सुखी ठेवो. माझा खोकला गेला, जेवणही बरं मिळतं. धाकटीचा ताप उतरला का? सफरचंदं काढून झाली?

काल पार्लमेंटच्या सभागृहात फार आरडाओरडा झाला. डच युद्धासाठी दिलेला पैसा कुठे गेला, हे आम्ही तपासायचं की राजाच्याच माणसांनी? शेवटी मतदान झालं. आम्ही तपासावं असं वाटणाऱ्यांनी उठून बाहेर जायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं.

तुझ्या भावाने, गिल्बर्टने, मला सकाळीच दारात गाठलं होतं. "दाजी, नुसते बसून राहा. आरमाराच्या खलाशांना खायला बिस्किटं मी पुरवलीत, विसरू नका."

"बिस्किटं चांगली होती ना?" मी विचारलं.

तो टोपी घालून चालू लागला.

मला आपल्या शेजारच्या जोनचा नवरा आठवला. आरमाराच्या जहाजावरून आला तेव्हा नुसता सापळा उरला होता. मी उठलो, थॉमसिन. बाहेर गेलो.

आम्ही थोडक्या मतांनी जिंकलो. आता गिल्बर्टला जबाबाला बोलावतील. तुझ्या आईला काय सांगायचं, मला सुचत नाही. रागावली असशील तर तसंच लिही, पण लिही.

तुझाच,
अँब्रोज