तक्रारीचा ओटीपी

१ डिसेंबर, सोमवार
आश्रमशाळेच्या विद्यार्थी सुरक्षा समितीत मला घेतलं. मी संगणक शिकवते आणि इंजिनिअर आहे, म्हणून. बैठकीत शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ वाचून दाखवलं: मारणं बंद, अपमान बंद. पत्र्याची तक्रारपेटी कालबाह्य आहे. मी अॅप बनवणार. मुख्याध्यापक म्हणाले, "बनवा मॅडम, फक्त भिंतीले भोक पाडू नका."

४ डिसेंबर
अॅप तयार. तक्रार करताना पालकांच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकल्याशिवाय नोंद होत नाही; त्यामुळे खोट्या तक्रारी अशक्य.
दुपारी आठवीतली अंजू संगणक लॅबच्या दारात. वसतिगृहाचे अधीक्षक पुंडलिकराव छडीनं मारून राह्यले, तिच्या वर्गातल्या सुरभीचा हात सुजला, म्हणाली. तोंडी तक्रार मी घेत नाही. घेतली की पक्षपात होतो. स्क्रीनकडे बोट दाखवलं. "सांगून तर राह्यली ना मी तुमाले!" उद्धट आहे, पण हुशार.

९ डिसेंबर
तक्रारी शून्य. आलेख काढला. सरळ रेघ. शाळा सुरक्षित असल्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

११ डिसेंबर
अंजू पुन्हा. ओटीपी येत नाही म्हणे. तपासलं: गेला आहे, पोचलाही आहे. तिचे आईवडील ऊसतोडीला सांगलीकडे. तो हिला कळवायला तिकडे रेंज नसेल. धीर धर म्हटलं.

१२ डिसेंबर, सकाळी
उलगडा झाला. पालक बाहेरगावी, म्हणून प्रवेशाच्या वेळी वसतिगृहातल्या सगळ्या मुलांच्या नावापुढे पुंडलिकरावांनी स्वतःचाच नंबर टाकलाय. म्हणजे अंजूचा ओटीपी त्यांना गेला. प्रणालीत दोष नाही, माहितीत आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.

संध्याकाळी
अंजूच्या दोन्ही तळहातांवर वळ. "तुले कायले पायजे ओटीपी?" असं विचारत पुंडलिकरावांनी मारलं, सुरभी म्हणाली. एवढ्यात निष्कर्ष काढू नये. सोमवारी मुख्याध्यापकांना सविस्तर ई-मेल करीन.

१५ डिसेंबर
ई-मेलचा विषय लिहून झाला, तेवढ्यात पांढरकवडा पोलीस ठाण्यातून फोन, लगेच या. अंजूची आजी लालीबाई तांड्यावरच्या बायका घेऊन थेट तिथं पोचलेली. मी गेले तेव्हा पुंडलिकराव बाकावर, मान खाली.
महिला हवालदारानं अंजूला विचारलं, शाळेत कोणाला सांगितलं होतं? अंजूनं माझ्याकडे पाहिलं.
मी प्रणाली समजावू लागले. हवालदार बाईंनी थांबवलं. तुम्हाला माहीत होतं का, एवढंच सांगा.
नोंद नव्हती, म्हटलं.
माहीत होतं का?
हो.
त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.
बाहेर अंजूला विचारलं, शाळेत येशील ना परत? ती आजीच्या मागं सरकली. लालीबाई म्हणाली, "तुमच्या मशीनले विचारा, बाई."