हात जागेवर आहे ना

गुलू,
२४ मे २००४

ती. अचिरोताई हिला,
सा. न. पुढचं वि. वि. लिहायची इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही.

आज शाळा उघडली. बसवाला काल रिकाम्या हाताने आला. म्हणाला, बाईंनी पोरगी काही दिली नाही, तीळ-शेंगदाण्याच्या कुटाचा डबा तेवढा दिला. ताई, मी डबा नव्हता मागवला, मुलगी मागवली होती. तीन आठवड्यांच्या सुट्टीला पाठवलेलं पोर ठेवून घेणं, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात जंगलातल्या बंडखोरांनी पळवून नेलेली, त्यांच्या तावडीतून सुटलेली एकतीस मुलं केंद्रात आली. एकेकाला चटईवर बसवायचं, ऐकायचं, लिहून घ्यायचं. दिवस कसा जातो कळत नाही. घरी जावं तर दाराशी लालोयो नाही. तिच्याशिवाय मला घास उतरत नाही. हसायचं असेल तर हस.

लोभ तुझ्याकडेच ठेव, माझी मुलगी शुक्रवारच्या बसने पाठव.

तुझी,
पिलोया


किगुम्बा,
२९ मे २००४

चि. पिलोया हिस,
अनेक आशीर्वाद. धाकटी आहेस, द्यावेच लागतात.

घास उतरत नाही म्हणे! अगं, तुझी पोर इथे आली ती डावा हात पोटाशी धरून. उखळाशी बसवली तर मुसळ उचलवेना. विचारलं तर काही नाही म्हणाली. शेवटी तुझ्या दाजींनी सायकलवर घालून दवाखान्यात नेली. हाड मोडलेलं, आणि मोडून बारा दिवस झालेले! डॉक्टरांनी आम्हा दोघांना दारुड्यांना झापावं तसं झापलं, आणि मी तुझं नाव न घेता ऐकून घेतलं.

मग तिच्याकडून कळलं. आंब्यावरून पडली, रडत तुझ्याकडे आली. तू वहीतून मान वर न करता विचारलंस, की हात जागेवर आहे ना? आहे, तर रडतेस कशाला? आणि मग केंद्रातल्या कुठल्याशा मुलीच्या हाताचं काय झालं ते नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलंस. ते मी कागदावर उतरवणार नाही. आता हिला चुलीचा चटका बसला तरी ती चूं करत नाही, इकडेतिकडे बघते आणि बोट तोंडात घालते.

लोकांच्या पोरांना मांडी आणि आपल्या पोरीला दटावणी, ही कुठली गं समाजसेवा? माय मरो आणि मावशी उरो म्हणतात. तू जिवंत आहेस म्हणून मी अर्धीच म्हण म्हणते. रजा घे, झोप, माणसात ये. मग बघू.

ममता आहेच, पण मुलगी मिळणार नाही.

तुझी,
अचिरो


गुलू,
४ जून २००४

ती. ताई हिला,
नमस्कार.

हाताचं चुकलं. मान्य. एका चुकीसाठी आईपण काढून घेणारी तू कोण? किगुम्ब्यात तुझ्या दारावर थाप पडली तर पाहुणा आलेला असतो. आमच्याकडे तसं नाही. तू मका विक, चहा पी, आणि मला शहाणपण शिकव! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

आणि रजा कशाला? मी आजारी आहे का? चार वर्षांत एकदाही रडले नाही मी. बाकीच्या बायका रडतात, सोडून जातात. केंद्राच्या मोठ्या बाई सगळ्यांसमोर माझं उदाहरण देतात.

महिनाअखेरीस मी येतेय, चर्चचे दोन वडीलधारे घेऊन. दाजींना सांग, त्यांच्यासमोर तोंड उघडायची तयारी ठेवा.

राग-लोभाचं तेव्हाच बोलू.

पिलोया


किगुम्बा,
१७ जून २००४

चि. पिलोया हिस,
आशीर्वाद.

भांडण बाजूला ठेवून लिहिते. लालोयोला मी इथल्या शाळेत घातलंय, तिथून मंगळवारी बोलावणं आलं. बाईंचे डोळे लाल. त्या म्हणाल्या, लालोयोला जंगलातल्यांनी उचलून नेलं होतं. डोक्यावर घेवड्याचं पोतं देऊन तीन दिवस चालवलं. मागे पडली म्हणून हात मोडला. चौथ्या दिवशी पहाटे ती नदीकाठच्या बोरूच्या गवतातून पळाली. वर्ग सगळा रडला. पोरांनी आपापले डबे तिच्यापुढे ठेवले.

मी तिथेच सांगितलं की यातलं अक्षर खरं नाही. पोर आंब्यावरून पडली आहे, दुसरं काही नाही.

घरी आणून विचारलं, खोटं का बोललीस? मला वाटलं होतं, डब्यांसाठी. तर म्हणाली, डबे तिने घेतलेच नाहीत. ती सराव करत होती. तू येशील तेव्हा तुला सांगायला. तशा मुलांना आई चटईवर जवळ घेऊन बसते आणि सगळं संपेपर्यंत उठत नाही, हे तिने केंद्राच्या खिडकीतून पाहिलंय. वर मलाच विचारलं, की मावशी, आई एवढ्यावर ऐकेल का, की अजून काही घालू?

तिला म्हटलं, याचं उत्तर आईकडून मागवते. तू दे. वडीलधारे आण नाहीतर पोलीस आण.

अचिरो


गुलू,
२३ जून २००४

ती. अचिरोताई हिला,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र केंद्राच्या ओट्यावर वाचलं. बसवाल्याने दिलं तेव्हा हातात पेन होतं, ते तसंच राहिलं. पोतं, तीन दिवस, बोरूतून पळाली. खोटं असल्याची ओळ अजून पुढे होती, ताई. तोवर मला आंबा आठवलाच नाही, सगळं खरंच वाटत होतं. माझ्या लालोयोला नेलं होतं, तिचा हात त्यांनी मोडला, असं मी वाचत होते, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? तीनच दिवस ना.

तुझ्या पत्राच्या कडेला मी खूणही केली. आम्ही वहीत करतो तशी, कमी सोसलंय म्हणून सावकाश घेतलं तरी चालेल अशा मुलांपुढची. मग ते पान मोठ्या बाईंपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, माझी वही ओढून आपल्या कपाटात ठेवली.

तुझा राग अजून येतोच. दवाखान्यात माझं नाव घ्यायला हवं होतंस, तेही जमलं नाही तुला. पण तिला पाठवू नकोस. मी मागितली तरी नको. मी येईन, एकटीच, आणि परत एकटीच जाईन.

तिने विचारलंय ना तुला? तिला सांग, काही घालायला नको. झाडावरून पडले, एवढं बस.

तुझ्या शिव्या चालू राहू देत, एवढंच मागणं.

तुझी,
पिलोया