भुऱ्या काऊन भुंकला नाही

तुळशीराम,

मी सरकी आणाले नांदुऱ्याले जाऊन राह्यलो. भुऱ्याच्या तोंडात आता दात नाहीत, त्याले कोरडी भाकर टाकू नको. परकं माणूस दिसलं का म्हातारं कुत्रं थरथरते, केकाटते. तवा पाठीवर हात ठेव.

काल मी मोताळ्याच्या बाजारात गेलो, अन् इकडे खोलीतला कापूस गेला. अंगणात परक्या गाडीच्या चाकोऱ्या उमटेल हायेत. पन शेजारच्या मंजुळाबाईले भुऱ्याचा आवाज आला नाही. मी आलो तं तो माह्यं जुनं धोतर पांघरून झोपेल होता, अन् थाळीत दुधात कुस्करलेली भाकर. बाहेरच्या चोरानं हड्डी फेकली असती बे.

मी येईस्तोर कापूस जाग्यावर पाहिजे. भुऱ्याले शांत कसं कराचं, हे तुले लिहाची गरजच नव्हती.

तुहा थोरला भाऊ,
भगवान